हिमनद्यांचा वाटसरू

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या पूर्वेस सिएरा नेवाडा नावाची प्रचंड पर्वतश्रेणी आहे. तिच्या कुशीत योसेमिटी ही दरी वसलेली आहे. दरीची लांबी सुमारे 7 मैल व रुंदी जेमतेम 1 मैल. पण दोन्ही बाजूंचे ग्रॅनाइटचे कडे तळापासून 3000 फूट सरळ वर चढत गेलेले. त्या कड्यांवरून धबधबे कोसळतात, माथ्यावर निळीशार सरोवरे आहेत आणि त्याहून वर, शिखरांच्या सावलीत, बर्फ आहे. दरवर्षी लक्षावधी लोक मोटारींतून तेथे जातात, देवदारुसारख्या उंच वृक्षांखाली तंबू ठोकतात, चार रात्री मोकळ्या आकाशाखाली काढतात आणि ताजेतवाने होऊन परततात. ही दरी व तिच्या भोवतालचे रान करवती, कुऱ्हाडी आणि मेंढ्यांचे कळप यांच्या तडाख्यातून वाचले, त्याचे श्रेय ज्या थोड्या माणसांना द्यावे लागते, त्यांत जॉन म्यूर याचे नाव पहिले येते.

म्यूरचा जन्म 21 एप्रिल 1838 रोजी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील डनबार या गावी झाला. समुद्रकाठी भटकणे, पक्ष्यांची घरटी शोधणे आणि गावच्या पडक्या किल्ल्याच्या भिंती चढणे हे त्याचे बालपणीचे छंद होते. वडील डॅनियल म्यूर हे अत्यंत कर्मठ वृत्तीचे गृहस्थ. त्यांनी मुलाकडून बायबलचा फार मोठा भाग तोंडपाठ करून घेतला. पाठांतर चुकले की छडी ठरलेली असे. 1849 मध्ये हे कुटुंब अमेरिकेतील विस्कॉन्सिन प्रांतात येऊन स्थायिक झाले. तेथे रान तोडून शेत तयार करावयाचे होते. अकरा वर्षांच्या जॉनच्या हाती नांगर आला आणि शाळा सुटली.

वडिलांनी दुसरी जमीन घेतली तेव्हा तेथे पाण्याची सोय नव्हती. वाळूच्या खडकात विहीर खणण्याचे काम त्यांनी जॉनवर सोपविले. रोज सकाळी त्याला बादलीत बसवून खाली सोडीत. छिन्नी आणि हातोडा एवढीच हत्यारे. असे महिनोन्महिने चालले. विहीर 80 फूट खोल गेल्यावर एके सकाळी तळाशी साचलेल्या विषारी वायूने तो गुदमरला. वरून वडिलांच्या हाका ऐकू येताच मोठ्या कष्टाने त्याने बादली धरली व बेशुद्धावस्थेत तो वर आला. खाली पाणी शिंपडावे, गवताची पेंढी दोरीने वरखाली करून हवा हालवावी, असा उपाय एका जाणत्या शेजाऱ्याने सांगितला. दोनच दिवसांनी जॉन पुन्हा त्याच विहिरीत उतरला. पाणी लागेपर्यंत त्याची सुटका झाली नाही. वडिलांचा हा निष्ठुरपणा कोणासही आवडण्यासारखा नाही, आणि म्यूरनेही पुढे आपल्या आठवणींत तो लपविला नाही.

वाचनाची त्याला विलक्षण ओढ होती. पण रात्री सर्वांनी वेळेवर निजलेच पाहिजे, असा घरचा दंडक. एकदा वडील सहज बोलून गेले की, वाचावयाचेच असेल तर पहाटे लवकर उठावे. जॉनने तो शब्द धरून ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून तो रात्री 1 वाजता उठू लागला! बाहेर गोठवणारी थंडी, आणि शेगडी पेटविली तर लाकडे फुकट गेली म्हणून वडील रागावणार. तेव्हा पुस्तक बाजूस ठेवून तो तळघरात उतरला आणि मेणबत्तीच्या उजेडात लाकडाची यंत्रे घडवू लागला. त्याने लाकडी घड्याळे केली. ठरल्या वेळी आपोआप कलंडून झोपलेल्या माणसाला पायांवर उभा करणारी एक खाटही केली. 1860 साली मॅडिसन येथील प्रदर्शनात ही खाट पाहण्यास लोकांची झुंबड उडाली. त्याच शहरातील विद्यापीठात पुढे त्याने प्रवेश मिळविला. तेथे एका सहाध्यायाने त्याला बाभळीसारख्या शेंगा येणाऱ्या एका उंच झाडाचे फूल दाखवून ते वाटाण्याच्याच कुळातले कसे, हे समजावून दिले. एवढे मोठे झाड आणि कुंपणावर चढणारा नाजूक वेल एकाच कुळातले! त्या दिवसापासून वनस्पतिशास्त्राने त्याला वेड लावले. पदवी न घेताच 1863 मध्ये त्याने विद्यापीठ सोडले.

तरीही तो जन्मभर यंत्रकारच राहिला असता. इंडियानापोलिस शहरातील गाड्यांची चाके करणाऱ्या एका कारखान्यात त्याचे कसब मालकांच्या नजरेत भरले होते, बढतीही ठरली होती. मार्च 1867 मध्ये यंत्राच्या पट्ट्याची शिवण कानशीच्या टोकाने सोडवीत असता कानस निसटली आणि तिचे अणकुचीदार टोक त्याच्या उजव्या डोळ्यात शिरले. काही वेळातच त्या डोळ्याची दृष्टी गेली. पाठोपाठ दुसऱ्या डोळ्यासमोरही अंधार पसरला. आता फुले पुन्हा दिसणार नाहीत, या एकाच विचाराने तो तळमळला. कित्येक आठवडे त्याला अंधाऱ्या खोलीत निजून राहावे लागले. सुदैवाने दृष्टी हळूहळू परत आली; परंतु त्या अंधारात त्याने मनाशी काही ठरविले होते. बरा होताच त्याने कारखान्याचा निरोप घेतला.

सप्टेंबर 1867 मध्ये केंटकीतील लुईव्हिल गावातून तो पायी निघाला आणि सुमारे 1000 मैल चालून फ्लोरिडातील मेक्सिकोच्या आखाताला जाऊन पोहोचला. जवळ एक लहानशी पिशवी, दोनतीन पुस्तके आणि वनस्पती दाबून ठेवण्याची चौकट. सव्हाना शहरी घरून यावयाचे पैसे आले नाहीत, तेव्हा तो गावाबाहेरच्या दफनभूमीत ओक वृक्षांखाली निजला; भुताखेतांच्या भीतीने तेथे चोर येणार नाहीत, हा त्याचा हिशोब! आखाताच्या काठी हिवतापाने त्याला गाठले आणि एका परक्या कुटुंबाने त्याची शुश्रूषा केली. दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या अरण्यात जाण्याचा त्याचा बेत होता. तो साधला नाही. म्हणून तो पनामामार्गे 1868 च्या वसंतात सॅन फ्रान्सिस्कोस उतरला व तेथून सरळ सिएरा नेवाडाची वाट चालू लागला.

1869 च्या उन्हाळ्यात त्याने एका मेंढपाळाकडे काम धरले. सुमारे 2000 मेंढ्या घेऊन टुऑलमी नदीच्या उंच कुरणांपर्यंत जावयाचे होते. मेंढ्यांवर लक्ष ठेवण्यासाठी दुसरा माणूस होता. म्यूरला चित्रे काढण्यास, शिखरे चढण्यास भरपूर सवड मिळे. त्या उन्हाळ्यात दोन गोष्टी त्याच्या ध्यानात आल्या. पहिली अशी की, मेंढ्यांचा कळप ज्या कुरणातून जाई तेथे फूल म्हणून शिल्लक राहत नसे. दुसरी गोष्ट अधिक नवलाची होती. उंचावरचे ग्रॅनाइटचे खडक जागोजागी आरशासारखे गुळगुळीत झालेले होते, त्यांवर एकाच दिशेने गेलेले समांतर ओरखडे होते, आणि मोठमोठे परके धोंडे कोणी आणून ठेवावे तसे मोकळ्या पठारावर पडलेले होते.

सह्याद्रीच्या परिसरात वाढलेल्या आपल्या मुलांनी हिमनदी पाहिलेली नसते, म्हणून येथे थोडे थांबले पाहिजे. उंच पर्वतावर पडलेले हिम उन्हाळ्यात सगळेच वितळले नाही, तर थरावर थर साचत जातो. खालचे थर वरच्या भाराने दबून त्यांचा घट्ट बर्फ बनतो आणि पुरेसा जाड झाला की तो आपल्याच वजनाने उताराकडे सरकू लागतो. वाटेतील दगडगोटे तो पोटात घेतो. असा दगडांनी भरलेला बर्फ एखाद्या अवाढव्य पॉलिश कागदाप्रमाणे खालचा खडक घाशीत जातो. बर्फ वितळून गेल्यावर मागे राहतात ते हे गुळगुळीत खडक, हे ओरखडे, हे वाहून आणलेले धोंडे आणि कोरलेल्या खळग्यांत साचलेली सरोवरे.

योसेमिटीची दरी हिमनद्यांनी कोरली असली पाहिजे, असा निष्कर्ष म्यूरने काढला. त्या काळी जोसाया व्हिटनी हे कॅलिफोर्नियाचे मुख्य भूशास्त्रज्ञ होते. एखाद्या महाभयंकर उत्पातात दरीचा तळच खाली खचला, असे त्यांचे मत होते आणि ते छापील पुस्तकांतून सर्वमान्य झाले होते. दरीतील लाकूड कापण्याच्या गिरणीत काम करणारा हा पदवीहीन मनुष्य आपल्याशी वाद घालतो, याचा व्हिटनींना संताप आला. त्यांनी त्याला अडाणी मेंढपाळ ठरविले. म्यूरने प्रत्युत्तरात वेळ दवडला नाही. खांद्यावर पाव व चहाची पुडी टाकून तो एकटाच शिखरांकडे गेला. ऑक्टोबर 1871 मध्ये मर्सेड शिखराच्या सावलीत त्याला एक जिवंत हिमनदी सापडली. पुढील वर्षी मॅक्लूर शिखराखालच्या हिमनदीवर त्याने ओळीने खुंट्या रोवल्या. 21 ऑगस्टला रोवलेल्या खुंट्या पाहण्यास तो 6 ऑक्टोबरला परत गेला, तेव्हा मध्यावरची खुंटी 47 इंच खाली सरकलेली होती. 46 दिवसांत 47 इंच! म्हणजे बर्फ दिवसाला सुमारे एक इंच चालत होता. पुढच्या संशोधनाने असे दाखविले की, दरी घडविण्यात नद्यांचाही मोठा वाटा होता आणि म्यूरने बर्फाचा विस्तार थोडा अधिकच मानला होता. परंतु तळ खचल्याची कल्पना मात्र टिकली नाही.

याच वर्षी, 26 मार्च 1872 च्या पहाटे, योसेमिटीत प्रचंड भूकंप झाला. दरी आता आणखी खचणार, या धास्तीने लोक पळू लागले. म्यूर मात्र झोपडीतून धावत बाहेर आला तो आनंदानेच. चांदण्यात समोरचा एक सुळका कोसळून त्याचे तुकडे गडगडत खाली येत असलेले त्याने पाहिले. कड्यांच्या पायथ्याशी दगडांच्या राशी कशा जमतात, या प्रश्नाचे उत्तर त्याला मिळाले होते. धक्के पुरते थांबण्यापूर्वीच तो त्या धोंड्यांवर चढला! आणखी दोन वर्षांनी वादळात झाडांना काय वाटत असेल हे कळावे म्हणून तो 100 फूट उंच झाडाच्या शेंड्यावर कित्येक तास झोके घेत बसला होता. असल्या धाडसांचे अनुकरण कोणी करू नये हे उघड आहे. पण त्यामागची जिज्ञासा पाहण्यासारखी आहे.

त्याच्या मुक्कामाला तंबू क्वचितच असे. बंदूक तर तो जवळ बाळगीतच नसे. संध्याकाळी आडोसा पाहून शेकोटी पेटवावी, चहा करावा, कोरडा पाव खावा, टिपणवही भरावी आणि पाइनच्या डहाळ्यांच्या अंथरुणावर पडावे, हा नित्यक्रम. कांबळे ओझे वाटले तर तेही मागे राही.

1879 मध्ये तो अलास्कास गेला. त्लिंगिट लोकांच्या होडीतून, त्यांच्याच वाटाड्यांच्या साह्याने, एका मिशनऱ्यासह त्याने ग्लेशियर बे या उपसागरात प्रवेश केला. 1794 मध्ये व्हँकूव्हर या दर्यावर्दी कप्तानाच्या माणसांनी हा किनारा पाहिला, त्या वेळी तो उपसागर जवळजवळ नव्हताच. तेथे बर्फाची भिंत उभी होती. आता तीच भिंत सुमारे 40 मैल मागे हटली होती. योसेमिटीत ज्याच्या नुसत्या खुणा पाहिल्या, ते कार्य येथे डोळ्यांदेखत चाललेले पाहून म्यूरला धन्यता वाटली.

दुसऱ्या वर्षी तो पुन्हा अलास्कास गेला, तेव्हाचा एक प्रसंग प्रसिद्ध आहे. त्या मिशनऱ्याचा स्टिकीन नावाचा एक लहानखुरा काळा कुत्रा बरोबर होता. एके पहाटे वादळी पावसात म्यूर एकटाच एका हिमनदीवर निघाला. कुत्रा मागे लागला. दटावले तरी परत फिरेना. दिवसभर भटकून परतताना अंधार दाटत आला आणि वाट एका खोल भेगेने अडविली. भेग सुमारे 50 फूट रुंद. तिच्यावरून तिरपा गेलेला, मध्ये झुललेल्या दोरासारखा, बर्फाचा एक अरुंद पूल, आणि तोही काठापासून बराच खाली. मागे फिरणे अशक्य होते. म्यूरने कुऱ्हाडीने पायऱ्या खोदल्या, खाली उतरून तो पुलावर घोड्यावर बसावे तसा बसला आणि पुढचा बर्फ तासून सपाट करीत इंचाइंचाने सरकत पलीकडे गेला. कुत्रा मात्र काठावर उभा राहून आक्रोश करू लागला. आजवर कशालाही न भ्यालेल्या त्या प्राण्याला खालची खोली उमगली होती. म्यूरने त्याला गोंजारल्यासारखे बोलून पाहिले, निघून जाण्याचे सोंग केले. शेवटी स्टिकीनने अंग आक्रसले, पाय त्या पायऱ्यांत एकेक करून टेकले आणि वाऱ्यात झोक सांभाळीत तो पूल ओलांडून आला. वर चढताच तो इतका बेभान होऊन धावू, लोळू, ओरडू लागला की, आता हा आनंदानेच मरतो की काय, अशी म्यूरला भीती वाटली. पशूंनाही आपल्यासारखेच भय असते, आशा असते, हे त्या रात्री आपण शिकलो, असे म्यूर मानी. ही कथा त्याने पुढे लिहून प्रसिद्ध केली.

एप्रिल 1880 मध्ये लुई स्ट्रेंट्झेल हिच्याशी त्याचा विवाह झाला. सासऱ्यांची मार्टिनेझ येथील फळबाग त्याने उत्तम चालविली, दोन मुलींचा तो वत्सल पिता झाला. पण पर्वतांपासून दूर राहून त्याची प्रकृती खालावू लागली. तेव्हा बागेचा काही भाग विकून त्याने लेखनाकडे व भ्रमंतीकडे वळावे, असा आग्रह पत्नीनेच धरला. या सुज्ञ स्त्रीचे ऋण चरित्रकार पुष्कळदा ओझरतेच नोंदवितात.

1889 च्या जून महिन्यात रॉबर्ट अंडरवुड जॉन्सन हे मासिकाचे संपादक म्यूरसह टुऑलमीच्या कुरणात मुक्कामास आले. वीस वर्षांपूर्वी फुलांनी भरलेली कुरणे मेंढ्यांनी खुरटून टाकली होती. योसेमिटीची दरी 1864 पासून कॅलिफोर्निया राज्याच्या ताब्यात होती. पण भोवतालच्या पर्वतांना कोणी वाली नव्हता. हा सारा प्रदेश राष्ट्रीय उद्यान करावा, असे त्या शेकोटीपाशी ठरले. म्यूरने लेख लिहिले, जॉन्सन यांनी राजधानीत खटपट केली आणि 1 ऑक्टोबर 1890 रोजी कायदा झाला. 1892 मध्ये सिएरा क्लब ही संस्था निघाली. म्यूर मरेपर्यंत तिचा अध्यक्ष होता.

मे 1903 मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट योसेमिटीस आले. मेजवान्यांना फाटा देऊन त्यांनी म्यूरच्या संगतीत तीन रात्री उघड्यावर काढल्या. पहिली रात्र प्रचंड सेक्वोया वृक्षांखाली. दुसऱ्या रात्री उंच पठारावर हिमवर्षाव झाला आणि सकाळी राष्ट्राध्यक्षांच्या कांबळ्यावर बर्फ साचले होते! रूझवेल्ट त्याने हिरमुसले नाहीत, उलट खूश झाले. दरीही केंद्राच्या ताब्यात यावी, हे म्यूरने त्यांना पटवून दिले आणि 1906 मध्ये तसे झाले. या भेटीसाठी लांबणीवर टाकलेल्या जगप्रवासास म्यूर नंतर निघाला. त्या प्रवासात तो भारतातही आला आणि हिमालयाची शिखरे व देवदारांची वने त्याने पाहिली.

त्याच्या चरित्रातील एक उणीव सांगितली पाहिजे. योसेमिटीत पूर्वापार राहणाऱ्या मूळ रहिवाशांना 1851 मध्ये सशस्त्र तुकडीने हुसकून लावले होते. म्यूरच्या आरंभीच्या लेखनात अशा लोकांविषयी तुच्छतेचे उद्गार आहेत. अलास्कात त्लिंगिटांच्या सहवासात राहिल्यावर त्याची दृष्टी पुष्कळ निवळली. तथापि निर्मनुष्य वाटणारे रान कोणाचे तरी घर होते, हे त्याने पुरतेपणी ओळखले नाही.

अखेरची लढाई तो हरला. योसेमिटीच्या उत्तरेस, उद्यानाच्याच हद्दीत, हेच हेची नावाची तितकीच सुंदर दरी होती. तेथे धरण बांधून पाणी आणावे, अशी सॅन फ्रान्सिस्को शहराची मागणी होती. 1906 च्या भूकंपात व आगीत ते शहर उद्ध्वस्त झाल्यावर या मागणीस जोर आला. लोकांना पाणी हवे होते, हे खोटे नव्हते. पाणी दुसरीकडूनही आणता येईल, मग खर्च अधिक आला तरी चालेल, हे म्यूरचे म्हणणेही खोटे नव्हते. वर्षानुवर्षे त्याने लेख लिहिले, पत्रे पाठविली. 19 डिसेंबर 1913 रोजी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी धरणाच्या कायद्यावर सही केली. 1923 मध्ये धरण पुरे झाले आणि दरी पाण्याखाली गेली.

ते पाहण्यास म्यूर उरला नव्हता. 24 डिसेंबर 1914 रोजी लॉस एंजलिस येथे न्यूमोनियाने त्याचे निधन झाले. अलास्कावरील अपुऱ्या पुस्तकाची पाने त्याच्या बिछान्यापाशी होती. पुढच्याच वर्षी ते पुस्तक प्रसिद्ध झाले. 1916 मध्ये राष्ट्रीय उद्यानांची देखभाल करणारे स्वतंत्र खाते स्थापन झाले.

मॅक्लूर हिमनदीवर 2012 च्या सुमारास शास्त्रज्ञांनी पुन्हा खुंट्या रोवल्या. म्यूरच्या वेळेपेक्षा ती आता पुष्कळ आक्रसली आहे, आणि शेजारच्या लायल हिमनदीची हालचाल तर थांबली असल्याचे त्यांना आढळले. मॅक्लूरचा बर्फ मात्र तेव्हाही दिवसाला सुमारे एक इंच चालत होता.